किती खात्रीने म्हणायचे? ऑस्ट्रेलियातील इंग्रजी आणि विश्वासार्हतेचे शब्द

लिहिलेले प्रत्येक विधान वाचकाला दोन गोष्टी सांगते. एक, काय घडले किंवा घडणार आहे. आणि दुसरी, त्याबद्दल लिहिणाऱ्याला किती खात्री आहे. ‘पाऊस पडला’, ‘पाऊस पडला असावा’ आणि ‘पाऊस पडला म्हणे’ या तीन वाक्यांतली घटना एकच आहे, पण पहिल्यात लिहिणारा स्वतः जबाबदारी घेतो, दुसऱ्यात खुणांवरून तर्क करतो आणि तिसऱ्यात ऐकीव गोष्ट पुढे सांगतो. मराठीत हे काम बरेचसे क्रियापदाच्या रूपांवर होते. इंग्रजीत त्यासाठी वेगळ्या शब्दांची मोठी फळी आहे : सर्टन, लाइकली, प्रॉबेबल, प्लॉजिबल, पॉसिबल, क्रेडिबल, अलेज्ड, रिपोर्टेड. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात प्रत्येकाचे वजन निराळे आहे. ऑस्ट्रेलियात हवामानखाते, गुप्तचर संस्था, न्यायालये, वृत्तपत्रे आणि औषध नियंत्रक यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत या शब्दांना टप्प्याटप्प्याने माप दिले. त्या देशात शिकायला, राहायला किंवा काम करायला जाणाऱ्या मराठी माणसाला ते माप माहीत असणे उपयोगाचे आहे.

चार शब्द, चार प्रश्न

सर्वांत जास्त गोंधळ चार शब्दांत होतो. ‘क्रेडिबल’ हा शब्द मुख्यतः सांगणाऱ्याबद्दल आहे : हा माणूस किंवा हा स्रोत विश्वास ठेवण्याजोगा आहे का? ‘रिलायबल’ सांगितलेल्या माहितीच्या अचूकतेबद्दल आहे. ऑस्ट्रेलियन न्यायालये या दोहोंत नेहमी फरक करतात, कारण प्रामाणिक साक्षीदाराचीही चूक होऊ शकते. अंधारात, दुरून किंवा वीस वर्षांनी आठवून सांगताना सत्यवादी माणूसही चुकीचा चेहरा ओळखतो. असा साक्षीदार क्रेडिबल असतो, पण त्याची साक्ष रिलायबल नसते.

‘प्लॉजिबल’ हा शब्द हकिकतीच्या जुळणीबद्दल आहे : सांगितलेली गोष्ट आतून सुसंगत आहे का, जगाच्या रीतीला धरून आहे का? ती तशी असली म्हणजे खरी ठरत नाही. एकाच घटनेची दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे एकाच वेळी प्लॉजिबल असू शकतात. ‘प्रॉबेबल’ मात्र तसा नाही. तो तुलना करून एका बाजूला झुकतो. हे घडण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे, असे तो सांगतो. दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी प्रॉबेबल असू शकत नाहीत. एवढा एक फरक नीट समजला, तरी इंग्रजी लेखनातल्या निम्म्या चुका टळतात.

हवामानाचा अंदाज : शब्दाला आकड्याची जोड

शब्दांना माप देण्याचा एक अगदी सुरुवातीचा प्रयत्न पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात झाला. विल्यम अर्नेस्ट कुक हे तिथले सरकारी खगोलशास्त्रज्ञ होते आणि वसाहतीच्या, पुढे राज्याच्या हवामानाचे अंदाजही त्यांच्याच वेधशाळेतून निघत. अंदाज देणाऱ्याला काही दिवशी पूर्ण खात्री असते आणि काही दिवशी मनात शंका असते. तरीही दोन्ही दिवसांचे अंदाज सारख्याच भाषेत छापले जातात, ही उणीव त्यांना खटकली. त्यांनी अंदाजाच्या प्रत्येक भागाला १ ते ५ असे वजन द्यायला सुरुवात केली. ५ म्हणजे जवळजवळ पूर्ण खात्री; ४ म्हणजे बऱ्यापैकी भरवसा, पण दहातून एकदा चूक होण्याची शक्यता; ३ म्हणजे शंकास्पद, तरीही चुकण्यापेक्षा बरोबर ठरण्याचा संभव जास्त; १ म्हणजे केवळ नावापुरती शक्यता. १९०६ साली अमेरिकेतल्या ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी ही पद्धत आणि तिची पडताळणी प्रसिद्ध केली. जास्त वजनाचे अंदाज खरोखरच जास्त वेळा बरोबर ठरले होते. अंदाज देणाऱ्याची शंकाही मोजता येते आणि ती लोकांना सांगणे उपयोगी असते, हे त्यातून दिसले.

ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय हवामानखाते, ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजी, १९०८ मध्ये सुरू झाले. आज त्याच्या दैनंदिन अंदाजात ‘स्लाइट चान्स’ म्हणजे २० किंवा ३० टक्के शक्यता, ‘मीडियम चान्स’ म्हणजे ४० ते ६० टक्के, ‘हाय चान्स’ म्हणजे ७० किंवा ८० टक्के आणि ‘व्हेरी हाय चान्स’ म्हणजे त्याहून अधिक, असे शब्द आणि आकडे जोडलेले आहेत. पाऊस म्हणजे काय, हेही ठरलेले आहे : किमान ०.२ मिलिमीटर. एल निन्योसाठीही खात्याने अनेक वर्षे अशीच उतरंड वापरली. ‘वॉच’ म्हणजे सुमारे ५० टक्के आणि ‘अलर्ट’ म्हणजे सुमारे ७० टक्के शक्यता. पेरणी, सिंचन किंवा वणव्याची तयारी यांचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘कदाचित’ या एका शब्दावर अवलंबून राहावे लागू नये, हा यामागचा हेतू.

गुप्तचरांचे शब्द

शब्दाला माप नसले की काय होते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९५१ साली सीआयएच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असे म्हटले होते. अहवाल तयार करणाऱ्यांपैकी शेर्मन केंट यांच्या मनात त्या शब्दांचा अर्थ साधारण ६५ टक्के असा होता. सहकाऱ्यांना विचारल्यावर कळले की कोणाच्या मनात २० टक्के होते, तर कोणाच्या मनात ८०. एकाच वाक्यावर सर्वांनी सही केली होती, पण प्रत्येकाने वेगळ्याच गोष्टीवर. केंट यांनी १९६४ मध्ये या विषयावर प्रसिद्ध निबंध लिहिला आणि प्रत्येक शब्दामागे टक्केवारी ठरवण्याची शिफारस केली.

ऑस्ट्रेलियाला हा धडा इराकच्या निमित्ताने घ्यावा लागला. २००३ च्या युद्धापूर्वी इराककडे संहारक शस्त्रे आहेत असे सांगितले गेले आणि ती सापडली नाहीत. संसदेच्या संयुक्त समितीने २००४ मध्ये आपल्या अहवालात नोंदवले की ऑस्ट्रेलियन संस्थांचे निष्कर्ष अमेरिका आणि ब्रिटन यांच्यापेक्षा अधिक सावध होते. त्याच वर्षी निवृत्त मुत्सद्दी फिलिप फ्लड यांनी केलेल्या चौकशीत मूळ माहितीच तुटपुंजी, संदिग्ध आणि अपुरी असल्याचे स्पष्ट झाले. पुरावा तोकडा असताना निष्कर्षाची भाषा किती पुढे जाऊ शकते, हा त्या चौकशीतला खरा प्रश्न होता.

दहशतवादी धोक्याबाबत नागरिकांना द्यायच्या सूचनेची भाषाही बदलली. जुन्या पद्धतीत ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’, ‘एक्स्ट्रीम’ असे चार टप्पे होते. ते तीव्रतेचे शब्द होते. नोव्हेंबर २०१५ पासून त्यांची जागा पाच शक्यतादर्शक टप्प्यांनी घेतली : ‘नॉट एक्स्पेक्टेड’, ‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’, ‘एक्स्पेक्टेड’ आणि ‘सर्टन’. नोव्हेंबर २०२२ मध्ये पातळी ‘प्रॉबेबल’वरून ‘पॉसिबल’वर आली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी ती पुन्हा ‘प्रॉबेबल’ झाली, तेव्हा एएसआयओ या अंतर्गत सुरक्षा संस्थेचे महासंचालक माइक बर्जेस यांनी शब्दाचा अर्थही लगेच सांगितला : पुढील बारा महिन्यांत देशात हल्ला होण्याची किंवा त्याची आखणी होण्याची शक्यता ५० टक्क्यांहून अधिक आहे, हल्ला अटळ आहे असा याचा अर्थ नाही. शब्द, आकडा, मुदत आणि शब्दाचा काय अर्थ नाही हेही, अशा चारही गोष्टी एकत्र सांगणे हा चांगल्या लेखनाचा नमुना आहे.

न्यायालयातली उतरंड

न्यायालयात या शब्दांवर माणसाचे स्वातंत्र्य आणि अब्रू अवलंबून असते. ऑस्ट्रेलियात दिवाणी दाव्यात ‘बॅलन्स ऑफ प्रॉबेबिलिटीज’ हा निकष आहे. म्हणजे एका बाजूचे म्हणणे खरे असण्याचा संभव जास्त वाटला पाहिजे. पण सर्वच आरोप सारखे नसतात. १९३८ च्या ब्रिगिनशॉ खटल्यात एका पतीने व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोट मागितला होता. त्यात उच्चतम न्यायालय असलेल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती ओवेन डिक्सन यांनी सांगितले की आरोप जितका गंभीर, तितका पुरावा नेमका हवा. सैल पुरावे, अस्पष्ट साक्षी आणि आडवळणाचे तर्क यांवर न्यायाधीशाचे समाधान होता कामा नये. हे तत्त्व १९९५ च्या एव्हिडन्स अॅक्टच्या कलम १४० मध्ये आले आणि आजही ऑस्ट्रेलियातल्या वकिलांच्या तोंडी ब्रिगिनशॉचे नाव असते.

फौजदारी खटल्यात निकष ‘बियाँड रीझनेबल डाउट’ हा आहे. १९७१ च्या ग्रीन खटल्यात हायकोर्टाने बजावले की न्यायाधीशांनी ज्यूरीला हे शब्द जसेच्या तसे सांगावेत, त्यांची फोड करत बसू नये. फोड करताना अर्थ हलतो. व्हिक्टोरिया राज्याने २०१५ च्या ज्यूरी डायरेक्शन्स अॅक्टमध्ये वेगळी वाट घेतली. तिथे न्यायाधीश ज्यूरीला समजावून सांगू शकतात की आरोपी ‘प्रॉबॅब्ली’ दोषी आहे किंवा ‘व्हेरी लाइकली’ दोषी आहे एवढे पटणे पुरेसे नाही. त्याच वेळी, भूतकाळातली घटना पूर्ण खात्रीने सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते आणि काल्पनिक शंका ही वाजवी शंका नव्हे. विश्वासाच्या साऱ्या पायऱ्या या एका कलमात क्रमाने मांडलेल्या आहेत.

निर्वासितांच्या बाबतीत हीच उतरंड उलट्या टोकाला जाते. १९८९ च्या चॅन यी किन खटल्यात हायकोर्टाने ठरवले की छळाची ‘वेल-फाउंडेड’ भीती म्हणजे छळाची ‘रिअल चान्स’ असणे. ती शक्यता निम्म्याहून कमी असली तरी चालते. न्यायमूर्ती मॅकह्यू यांनी १० टक्क्यांचे उदाहरण दिले. चुकीच्या निर्णयाची किंमत एखाद्याचा जीव असेल, तर कमी शक्यताही गंभीरपणे घ्यावी लागते. पुराव्याची पातळी प्रसंगानुसार ठरते, हे या तीन निकषांवरून दिसते.

‘सुसंगत’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे

ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक स्मृतीत या फरकाची सर्वांत वेदनादायक आठवण चेंबरलेन खटल्याची आहे. १७ ऑगस्ट १९८० रोजी उलुरूजवळच्या छावणीतून अझारिया ही तान्ही मुलगी नाहीशी झाली. डिंगो या रानकुत्र्याने तिला नेल्याचे आई लिंडी चेंबरलेन सांगत राहिली. ही हकिकत अनेकांना अविश्वसनीय वाटली. दुसरीकडे मोटारीत आढळलेले डाग अर्भकाच्या रक्ताचे आहेत, असे तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले आणि १९८२ मध्ये आईला जन्मठेप झाली. १९८६ मध्ये मुलीचे जॅकेट सापडल्यावर आईची सुटका झाली. न्यायमूर्ती ट्रेव्हर मॉर्लिंग यांच्या आयोगाने १९८७ मध्ये तो शास्त्रीय पुरावा तपासला. डॅशबोर्डखालचा फवारा रक्ताचा नसून आवाज रोखण्यासाठी कारखान्यात लावलेल्या रसायनाचा असल्याचे दिसून आले. प्राथमिक चाचणी रक्ताशिवाय इतर पदार्थांनाही प्रतिसाद देते, हे ठाम निष्कर्षात हरवले होते. १९८८ मध्ये लिंडीची शिक्षा रद्द झाली. १९९५ च्या मृत्युसमीक्षेत ‘ओपन फाइंडिंग’ म्हणजे अनिर्णित निष्कर्ष नोंदला गेला, आणि अखेर १२ जून २०१२ रोजी मृत्युसमीक्षक एलिझाबेथ मॉरिस यांनी डिंगोनेच बाळ नेल्याचा निर्वाळा दिला.

चाचणीचा निकाल रक्ताशी ‘कन्सिस्टंट विथ’ आहे, म्हणजे जुळतो, असे म्हणणे आणि ते रक्तच आहे असे म्हणणे यांत केवढे अंतर असू शकते, हे या खटल्याने दाखवले. आज ऑस्ट्रेलियन न्यायालयांत तज्ज्ञ साक्षीदारांना आचारसंहिता पाळावी लागते. माहिती अपुरी असल्याने मत अंतिम नसेल, तर तसे अहवालातच लिहिणे तीत बंधनकारक आहे.

वृत्तपत्रे आणि ‘अलेज्ड’

ऑस्ट्रेलियन बातमीत ‘पोलिस विल अलेज’ हे शब्द वारंवार दिसतात. आरोप कोणी केला आणि तो अजून न्यायालयात मांडायचा आहे, अशा दोन्ही गोष्टी त्यांतून कळतात. नुसता ‘अलेज्डली’ मात्र कवच ठरत नाही. दुसऱ्याचा बदनामीकारक आरोप पुन्हा छापणाऱ्यावरही जबाबदारी येते; आधी ‘कथित’ लावल्याने ती टळत नाही. उलट, माणसाला अटक होऊन आरोप ठेवला गेला एवढेच नेमके छापले, तर तो दोषी आहे असा अर्थ त्यातून निघत नाही, असे हायकोर्टाने १९८२ च्या मिरर न्यूजपेपर्स विरुद्ध हॅरिसन खटल्यात मान्य केले. संशय, तपास, आरोप आणि दोषसिद्धी या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. बातमीदाराने ज्या पायरीचा पुरावा आहे तिथेच थांबावे, ही यातली शिकवण.

औषधाच्या बाटलीवरचे शब्द

औषधांच्या वेष्टनावरही हीच शिस्त आहे. थेरप्युटिक गुड्स अॅडमिनिस्ट्रेशन ही ऑस्ट्रेलियाची औषध नियंत्रक संस्था. कमी जोखमीच्या, ‘ऑस्ट एल’ क्रमांक असलेल्या जीवनसत्त्वांच्या आणि वनौषधींच्या उत्पादनांना २०१८ पासून परवानगी असलेल्या दाव्यांच्या यादीतूनच वाक्ये निवडावी लागतात. दाव्याला शास्त्रीय पुरावा असेल तर एक भाषा, केवळ परंपरेचा आधार असेल तर दुसरी. म्हणून आयुर्वेदिक उत्पादनावर ‘ट्रॅडिशनली यूज्ड इन आयुर्वेदिक मेडिसिन’ असे शब्द येतात. अमुक आजारात ते पूर्वापार वापरले जाते, एवढेच ते सांगतात. ते बरे करते, असे नाही. अश्वगंधा किंवा त्रिफळा घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा फरक लक्षात ठेवून वेष्टन वाचावे.

मराठी लेखकाला उपयोगी पडणारी शिस्त

ऑस्ट्रेलियन विद्यापीठांत पहिल्या सत्रापासून विद्यार्थ्यांना जपून विधान करण्याची ही पद्धत शिकवली जाते. तिला ‘हेजिंग’ म्हणतात. एका पाहणीवरून ‘प्रूव्ह्ज’ लिहिणे चूक मानतात. तिथे ‘सजेस्ट्स’ हवा. अनेक अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर ‘इंडिकेट्स’, आणि प्रयोग पुन्हा पुन्हा करून निकाल टिकला असेल तर ‘डेमन्स्ट्रेट्स’. उलट टोकही वाईटच : ‘इट मे पॉसिब्ली सीम दॅट’ अशा वाक्यात तीन कुबड्या आहेत आणि विधान एकही नाही. एका विधानाला एकच मर्यादादर्शक शब्द पुरतो. ‘ऑब्व्हियस्ली’, ‘अनडाउटेडली’, ‘इट इज अ वेल-नोन फॅक्ट’ यांनी पुराव्यात भर पडत नाही. पुरावा नसल्याचा संशय मात्र वाढतो.

मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिताना आणखी एक अडचण येते. ‘असावा’, ‘असेल’, ‘म्हणे’ या रूपांतली शंका मराठी वाक्यात सहज बसते. इंग्रजीत ती वेगळ्या शब्दाने मांडावी लागते. ती राहून गेली की तर्क हाच वस्तुस्थिती म्हणून छापला जातो. ‘दरवाढीमुळे मागणी घटली असावी’ याचे सरळ ‘डिमांड फेल’ झाले, तर लिहिणाऱ्याने न केलेला दावा त्याच्या नावावर चढतो. तिथे ‘प्रॉबॅब्ली’ किंवा ‘अपॅरंटली’ हवाच. ऐकीव माहितीसाठी ‘रिपोर्टेडली’ आहे, पण त्यापुढे कोणी सांगितले हेही यावे.

आकड्यांची साथ घेणे सर्वांत सुरक्षित. हवामानबदलावरील आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के असे अर्थ आधीच जाहीर करते. तरीही डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य वाचक हे शब्द व्याख्येपेक्षा मध्याकडे ओढून वाचतात असे आढळले. शब्दाशेजारीच आकडा दिला तर हा घोटाळा कमी होतो, असा पुढील अभ्यासांचा निष्कर्ष आहे.

पुणे, नागपूर किंवा कोल्हापूरहून ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला हे सारे पहिल्याच कागदावर लागू होते. २३ मार्च २०२४ पासून ‘जेन्युइन स्टुडंट’ हा निकष आला आणि मोठ्या निवेदनाऐवजी ठरावीक प्रश्नांची इंग्रजीत थोडक्यात उत्तरे मागितली जाऊ लागली. प्रत्येक उत्तराला साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. पुराव्याचा आधार नसलेल्या ढोबळ विधानांना तिथे फारसे वजन मिळत नाही. ‘या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ हे वाक्य कोणीही लिहू शकतो. त्याऐवजी निवडलेला अभ्यासक्रम, त्यातले विषय, आधीचे शिक्षण किंवा नोकरी यांच्याशी त्यांचा संबंध आणि सोबत जोडलेले कागद यांचा नेमका उल्लेख केला, तर उत्तर प्लॉजिबलच्या पुढे जाऊन क्रेडिबल होते. भविष्याबद्दल लिहिताना ‘आय विल डेफिनिटली’पेक्षा ‘आय इंटेंड टू’ आणि त्यामागचे कारण अधिक भारदस्त ठरते.

लिहिताना प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापाशी तीन प्रश्न विचारावेत : हे मला कसे कळले? हे चुकीचे ठरण्याची शक्यता किती? आणि चुकले तर किंमत कोण मोजेल? उत्तरे जो शब्द सुचवतील तोच वापरावा, त्याहून बळकट नाही आणि त्याहून दुबळाही नाही. मोठ्या शब्दाने विश्वास मिळत नाही. तो शब्द पेलणारा पुरावा सोबत असला तरच मिळतो.